डिट्टोचं भांडण

मधू,

तुझ्या खुर्चीवर मी लाइन प्रिंटरच्या कागदांचा गठ्ठा ठेवला आहे. आठवण म्हणून वगैरे नाही, कोणी येऊन बसू नये म्हणून. पगाराच्या आठवड्यात अकाउंट्सवाले खुर्च्या ओढून नेतात हे तुला ठाऊक आहेच. परवा त्यांच्यातला एकजण आला, गठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उभ्याउभ्याच काम करून गेला. मी काही बोललो नाही. हल्ली मी फारसं बोलतच नाही. तू असतानाही मी कोणाशी बोलत नव्हतो म्हणा, पण तुझ्याशी भांडत होतो. त्यामुळे आपण चांगले बोलके आहोत अशी माझी समजूत झाली होती.

तू गेल्यानंतर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी पिंपरीला तुझ्या घरी बुद्धवंदना झाली आणि सगळे पांढऱ्या कपड्यांत सतरंजीवर बसून राहिले. तुझ्या मेहुण्याने मला हळूच विचारलं, "दाजी घरी आले की रोज तुमचं नाव काढायचे. आज पंतांशी असं भांडलो, आज तसं भांडलो. एवढं कशावरून भांडायचात तुम्ही?" मी म्हटलं, "डिट्टोवरून." अशा जागी थट्टा सुचते या माणसाला, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो पलीकडे सरकून बसला. मी सरळ उत्तर दिलं होतं रे. पण ते उलगडून सांगायला तिथे तूच हवा होतास. मला कुठलीच गोष्ट समजावून देता येत नाही, फक्त ती बरोबर आहे की चूक एवढं सांगता येतं, हे तुझंच म्हणणं.

तुझ्या मेहुण्याला जे सांगायचं राहिलं ते इथे सांगून बघतो.

खाली कारखान्यात, म्हणजे शॉपमध्ये, कागदी पट्टीवर चालणारं ड्रिलिंग मशीन आलं, तिथून हे सुरू झालं. पट्टीवर बारीक छिद्रं पाडून हुकूम द्यायचे आणि मशीनने ते वाचून ओतीव लोखंडाच्या कास्टिंगला खरी भोकं पाडायची. ती पट्टी हाताने तयार करणं म्हणजे डोळे फोडून घेणं. म्हणून आपण दोघांनी एक छोटी भाषा करायची असं ठरलं. शॉपमधल्या माणसाने छापील तक्त्यावर ओळीने लिहायचं: भोक कुठे, केवढं, किती खोल. त्याची कार्डं पंच व्हायची, वरच्या मजल्यावरचा आपला कॉम्प्युटर ती वाचणार आणि पट्टी काढून देणार. या दोघांच्या मधे बसणारा दुभाषी म्हणजे आपला कंपायलर. तो आपण दोघांनी लिहिला. माणसाकडची बाजू तू घेतलीस, मशीनकडची मी. तिथेच सगळ्या भांडणाचं मूळ आहे.

कामाला लागलो त्याच्या पहिल्याच दिवशी तू मला 'पंत' म्हणालास आणि मी चिडतो का ते बघत राहिलास. मी चिडलो नाही. तोवर मला कोणी टोपणनावच ठेवलं नव्हतं. ते मला फार आवडलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

लिहिणाऱ्याला त्रास कमी व्हावा म्हणून तू भाषेत एकेक सोय घालत गेलास. आधी 'होल'च्या जोडीला 'भोक' आणलंस, इंग्रजी अक्षरांत का होईना. मी काही म्हटलं नाही, शब्दांच्या कोष्टकात एक ओळ वाढली एवढंच. मग तुझ्या डोक्यात आलं की गोलावर बसणारी भोकं एकेक करून का लिहायची? मध्य सांगा, त्रिज्या सांगा, किती ते सांगा, बाकीचं दुभाषी बघून घेईल. त्या 'गोल'वर मी खूश होतो. शॉपमधल्या माणसाचं अर्ध्या दिवसाचं गणित एका ओळीत आलं होतं, आणि आत माझ्या बाजूलाही ते एका जागी शहाण्यासारखं बसलं होतं. सोय असावी तर अशी. पण तुझ्या तोंडावर कौतुक करायचं म्हणजे तू आठवडाभर डोक्यावर बसणार, म्हणून मी नुसतं "चालेल" म्हणालो.

आणि मग शेलारभाऊ आले.

रावेतचे शेलारभाऊ मार्किंगमधले, कास्टिंगवर भोकांच्या खुणा आखणारे जुने कारागीर, तक्ते लिहायचं काम त्यांच्याकडे आलेलं. त्यांच्या तक्त्यात पहिल्या ओळीत सगळे आकडे व्यवस्थित, आणि खाली पानभर दोन-दोन टिकल्या. माप तेच, डिट्टो. खोली तीच, डिट्टो. पंचिंगच्या मुलींना त्या टिकल्यांचं काय करावं कळेना. शेलारभाऊंना वर बोलावून आपण सांगितलं की प्रत्येक ओळीत सगळं लिहायला लागेल. ते आपल्या दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "वर लिवलंय की साहेब. त्येच त्येच पुन्यांदा लिवायला मी काय शाळंत हाय व्हय?"

तू त्या वाक्याच्या प्रेमातच पडलास. मशीन रूममध्ये धूळ चालत नाही म्हणून आपल्या चपला दाराबाहेरच्या मांडणीवर, आणि आत चहा चालत नाही म्हणून आपणही तिथेच पायरीवर, अनवाणी. चपलांच्या त्या मांडणीपाशी आपण जेवढं भांडलो तेवढं कोणी वाटणीवरूनही भांडत नाही.

"पंत, हजेरीच्या पुस्तकात डिट्टो, स्टोअरच्या चिठ्ठीत डिट्टो, लग्नाच्या आहेराच्या यादीतसुद्धा डिट्टो. पन्नास माणसांची जन्माची सवय बदलायची, की एका कंपायलरची?"

"कंपायलरला सवय नसते. त्याला नियम लागतो."

"मग कर की नियम."

"कर म्हणे! वर म्हणजे कुठे? वरच्या कार्डावर नुसता शेरा असला तर? तिथेही डिट्टोच असली तर? वर 'गोल' असला तर त्याचं पहिलं भोक धरायचं की शेवटचं?"

"माणसाला बरोबर कळतं ते."

"माणसाला चुकीचं कळतं आणि मग तो आपल्याला शिव्या घालतो. मधेच एक कार्ड घातलं की खालच्या सगळ्या डिट्टोंचा बाप बदलतो, मधू!"

यावर तू इतका हसलास की चहा शर्टावर सांडला. मी हसलो नाही, कारण मी ते गंभीरपणे म्हटलं होतं. माझं म्हणणं एवढंच होतं की प्रत्येक ओळ आपल्या पायावर उभी राहावी, तिने वरच्याच्या भरवशावर राहू नये. माणूस जे लिहीत नाही ते दुभाष्याला ताडावं लागतं, आणि त्याने ताडलेलं कागदावर नाही, लोखंडात उतरतं. लोखंडाला खोडरबर चालत नाही.

एकदा तू वडिलांचं सांगितलंस. ते फाउंड्रीत होते आणि भट्टीजवळच्या फळ्यावर सगळ्या सूचना इंग्रजीत. काय लिहिलंय म्हणून त्यांनी विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, शिकून घे. "बाप शिकला नाही, त्याने मला शिकवलं," तू म्हणालास. "आता मी फळा लिहिणाऱ्यांच्या बाजूला बसलोय. मीपण शेलारभाऊंना 'शिकून घ्या' म्हणू का राव?" मी म्हणालो, "भावना मेमरीत मावत नाहीत." दुसरा कोणी असता तर त्याने बोलणं टाकलं असतं. तू ते वाक्य कॅन्टीनभर सांगत फिरलास, माझा आवाज काढून.

डिट्टो तू घातलीसच. आणि मी म्हणत होतो तसंच झालं. ती एका जागी राहिली नाही. चाळीत नवं बिऱ्हाड आलं की नळावरून त्याचं प्रत्येक घराशी वाजतं, तसं डिट्टोचं प्रत्येक जुन्या सोयीशी वाजलं. 'गोल'शी तिची समजूत घालावी लागली, शेऱ्यांशी घालावी लागली, चुकलेल्या ओळींशी तर तू किती दिवस झगडत होतास. कार्डं एकदा जास्त वाचावी लागू लागली, आणि मशीन अडकून राहतं म्हणून अकाउंट्सवाले 'गायकवाड, गायकवाड' करत तुझ्या नावाने ओरडायला लागले. मी म्हटलं, बघ. तू म्हणालास, "त्रास कोणाला होतोय? आपल्याला. तिकडे शेलारभाऊ आरामात हायत." गेली कित्येक वर्षं, महिना-दोन महिन्यांत एकदा तरी, मी ती काढून टाक म्हणालो आणि तू ती जिवापाड राखलीस.

तुझी कावीळ मी आधी मनावर घेतली नाही. कावीळ सगळ्यांना होते. भेटायला आलो तेव्हा तुझे डोळे पिवळेधमक दिसले. तूच म्हणालास, "पंत, डिट्टोचं एक सांगायचंय तुला." सुमनवहिनी उसाचा रस घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, घरात तरी ते मशीन नको. बरे होऊ देत, मग तिकडे भांडा हवं तेवढं." तू हसलास आणि म्हणालास, "सांगतो, पुढच्या वेळी." मला वाटलं, पडल्यापडल्या याला नवा मुद्दा सुचलेला दिसतो. तळेगावला परतताना गाडीत मी काय काय उत्तरं द्यायची त्याची जुळणी करत बसलो. चांगली तयारी झाली होती माझी.

पुढची वेळ आली नाही.

तू गेल्यावर माझ्या दोन खोल्यांत काय बदललं असं कोणी विचारलं तर मला दाखवता येणार नाही. भात पूर्वीही एकट्यापुरताच लावत होतो. पण पूर्वी रात्री भांडी घासताना मी सकाळची भांडणं मनात परत भांडायचो, आणि त्यात तुझी वाक्यंही मीच म्हणायचो. आता भांडी लवकर होतात. संध्याकाळी घरी पोचल्यावर सकाळपर्यंत तोंडातून शब्द निघत नाही. दूधवाल्याशीसुद्धा खुणेने भागतं. मला तुझी फार आठवण येते, मधू. असं वाक्य मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही.

त्यात साहेबांनी बोलावलं. आपल्या विभागाचा कारभार त्यांच्या हाती असल्यापासून ते कधी जास्त बोलत नाहीत, त्या दिवशीही थोडक्यात सांगितलं. आपलं जुनं कपाटाएवढं मशीन जाणार, टेबलावर मावेल असं छोटं येणार. मेमरी आहे त्याच्या निम्मीसुद्धा नाही. कंपायलर तिकडे न्यायचा. "सगळं न्यायलाच पाहिजे असं नाही," ते म्हणाले. "काय ठेवायचं, काय काढायचं, तुम्हीच ठरवा. आता तुम्हीच आहात."

गेली कित्येक वर्षं मला हेच हवं होतं. अडवणारं कोणी नाही, हातात कात्री, आणि कापायला वरून परवानगी. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

कागदावर हिशेब मांडला तेव्हा दिसलं की 'गोल' आणि डिट्टो दोन्ही नव्या मशीनमध्ये मावत नाहीत. 'गोल' काढला तर लोकांचं गणित परत त्यांच्या डोक्यावर. डिट्टो काढली तर तुझ्यामाझ्यात जे काही होतं तेच मी माझ्या हाताने पुसणार. कंपनीसाठी हा मेमरीचा प्रश्न होता. माझ्यासाठी तो तेवढाच नव्हता.

म्हणून आधी तुझा भाग पहिल्यापासून वाचायला घेतला. इतकी वर्षं मी त्याला गबाळा म्हणत आलो, तो कधी सलग वाचलाच नव्हता. त्यात माणसं सापडत गेली. दशांशचिन्ह द्यायला विसरणारा एक, आकड्यांत मधेच जागा सोडणारा एक, लांबी-रुंदी उलटी लिहिणारा एक. प्रत्येकासाठी तू आत कुठेतरी एक पायरी बांधून ठेवली होतीस. आणि पहिल्याच ओळीत कोणी डिट्टो मारली तर काय छापायचं ते तू इंग्रजी अक्षरांत मराठीतून लिहिलेलं होतंस: "वर काहीच नाही. काय घेऊ?"

मला रडू आलं. एअर कंडिशनरच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही.

काढायची तर विचारून काढू, असं ठरवून दुसऱ्या दिवशी मी खाली शेलारभाऊंकडे गेलो. म्हटलं, नव्या मशीनवर डिट्टो बसत नाही, तुमची फार अडचण होईल का? ते तक्त्यावरून मान वर न करता म्हणाले, "मी कवाच सोडली ती."

"सोडली? कधी?"

"लय दिस झालं. त्या गिअरबॉक्सच्या झाकणात डिझाइनवाल्यांनी मधीच एक बारकं भोक वाढवलं न्हाई का? मी मधी एक कार्ड सरकवलं. खालच्या समद्या डिट्टोंनी त्येच बारकं माप उचललं. बरं तर बरं, नवी पट्टी आधी लाकडावर चालवायची आपली रीत हाय. लाकडाचा ठोकळा गेला, कास्टिंग वाचलं. गायकवाडसाहेब हितंच हुबे हुते."

मी विचारलं, मग मधू काय म्हणाला?

"म्हनले, शेलारभाऊ, आजपासनं समदं पुरतं लिवा. बाकीच्यांनाबी सांगा. मग त्यो ठोकळा मी माज्या घरी नेला, पान्याच्या बंबात घातला." मग त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "अन् म्हनले, वर पंतांना कळू द्यायचं न्हाई."

मला वाटलं, हरलेलं कोणाला आवडतं? स्वाभाविक आहे. मी तसं म्हणालोही. शेलारभाऊंनी मान हलवली.

"तसं न्हाई साहेब. ते म्हनले, त्याला कळलं की तो भांडायचा थांबंल. अन् ज्या दिवशी तो भांडत न्हाई, त्या दिवशी तो कुनाशीच बोलत न्हाई."

शॉपमध्ये दुसऱ्या शिफ्टची माणसं येऊ लागली होती. मी "बरं" म्हणालो आणि जिना चढून वर आलो. चपला काढून पायरीवर बसलो, आत गेलोच नाही.

म्हणजे ते गिअरबॉक्सचं झाकण झाल्यावरसुद्धा तू महिनोन्महिने माझ्याशी भांडत होतास. जी गोष्ट खाली तू स्वतः बंद करवली होतीस, तिच्यासाठी वर येऊन गळ्याच्या शिरा ताणत होतास. हजेरीचं पुस्तक, आहेराची यादी, सगळं पुन्हा पुन्हा. आणि मी गाढव, दर वेळी नवी उत्तरं शोधून आणत होतो. मला आधी तुझा भयंकर राग आला. मग कोणीतरी माझ्यासाठी एवढं केलं याचं नवल वाटलं. मी एकटा आहे हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं ते दिसत नाही. तू ते पाहिलंस, त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस, आणि रोज चहाच्या वेळेला त्याच्यावर काहीतरी करत राहिलास. पन्नास माणसांसाठी तू सोयी केल्यास असं मी समजत होतो. त्यात माझीही एक होती.

वहिनींनी त्या दिवशी थांबवलं नसतं तर तू मला हेच सांगणार होतास का? की आणखी एक खोटा मुद्दा काढून मला पुढच्या वर्षापर्यंत पुरवणार होतास? वहिनींना मी हे विचारणार नाही. त्यांच्यामागे आधीच खूप आहे.

डिट्टो मी काढली. 'गोल' ठेवला, तुझ्या पायऱ्या बसतील तेवढ्या ठेवल्या. डिट्टोच्या ओळी ठिकठिकाणाहून वेचून काढायला बरेच दिवस लागले. प्रत्येक ओळ काढताना मी थांबत होतो, का ते तुला सांगायला नको. कंपायलर हलका झाला, नव्या मशीनवर नीट बसला, पहिली पट्टी लाकडावर चालवली आणि भोकं जागच्या जागी पडली.

साहेब वर आले. नव्या तक्त्याचा नमुना त्यांनी चाळला आणि म्हणाले, "डिट्टो काढलीत? बरं केलंत. गायकवाडांचे नसते लाड होते ते."

मधू, मी उठून उभा राहिलो. म्हणालो, लाड नव्हते साहेब. जो माणूस दिवसभर उभा राहून काम करतो त्याने आपल्या सोयीने का लिहू नये? त्याची हाताची सवय ही चूक असते असं कोणी ठरवलं? आपण वर गार हवेत बसतो, तर थोडं डोकं आपणच का नाही शिणवायचं? माझा आवाज चढत गेला. पंचिंगच्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. तुझे मुद्दे माझ्या तोंडात नीट बसत नव्हते, तू ते हसत मांडायचास आणि मी रागाने मांडत होतो, पण मी एकही सोडला नाही. साहेबांनी असलं काही माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग ते शांतपणे म्हणाले, "अहो, एवढी चांगली होती, तर काढलीत कशाला?"

"मधूला पटलं होतं," मी म्हणालो.

हे वाक्य एकदा तरी तुझ्या तोंडून ऐकावं म्हणून मी इतकी वर्षं भांडलो. शेवटी ते मलाच म्हणावं लागलं, आणि तेही तुझ्या बाजूने भांडताना.